मदरबोर्ड कसा निवडायचा? आधी गरज लिहा, मग बोर्ड बघा

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात मी सुट्टी काढून अमरावतीला घरी आलो होतो. भर दुपारी अकोल्याहून मामेभावाचा फोन आला.

"दादा, प्रोसेसर पाहून ठेवला, रॅम पाहून ठेवली. मदरबोर्ड कोणताबी घेतला त चालते ना?"

पठ्ठ्याची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली होती. मामांनी तूर विकून आलेल्या पैशातून ५० हजार रुपये कॉम्प्युटरसाठी बाजूला ठेवले होते. मॉनिटर घरात जुना होता, तो चालणार होता. मामांची अट मात्र एकच होती: "एकदाच देतो. मंग चार वर्षं कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही."

हे "चार वर्षं" फार महत्त्वाचं आहे. कारण कॉम्प्युटर आज चालेल की नाही हे प्रोसेसर आणि रॅम सांगतात, पण चार वर्षांनी त्यात काय काय बदलता येईल हे मदरबोर्ड सांगतो. म्हणून "कोणताबी चालते" हे उत्तर मी त्याला देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून अकोला गाठलं. तिथे आम्ही जे केलं तेच या लेखात पायरी-पायरीने सांगतो.

मदरबोर्ड म्हणजे नेमकं काय?

फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, कॅमेरा आणि बॅटरी बघतो. फोनचा बोर्ड कोणता हे कोणीच विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो, कारण फोनमध्ये प्रोसेसर, रॅम आणि स्टोरेज बोर्डावर कायमचे झाळलेले असतात. ८ जीबीचा फोन घेतला की तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच.

डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये हे सगळे भाग सुटे असतात आणि मदरबोर्डवर बसवले जातात. रॅम वाढवता येते, दुसरी एसएसडी टाकता येते, ग्राफिक्स कार्ड नंतर घेता येतं. पण किती आणि कोणतं, याची मर्यादा बोर्ड ठरवतो. रॅम बदलायला दोन मिनिटं लागतात. बोर्ड बदलायचा तर सगळा कॉम्प्युटर खोलावा लागतो, आणि बऱ्याचदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते.

माझी स्वतःची चूक

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१६ च्या शेवटी, इंजिनिअरिंगला असताना, मी पहिला कॉम्प्युटर जोडला. सहाव्या पिढीचा आय३ घेतला आणि दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त, एच११० चिपसेटचा बोर्ड घेतला. २०१८ मध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी अँड्रॉइडचा एमुलेटर चालवायचा होता, तो काही नीट चालेना. ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशातून आठव्या पिढीचा आय५ आणला. माझ्या बोर्डाचा सॉकेट एलजीए ११५१, प्रोसेसरच्या खोक्यावरही ११५१ च लिहिलेलं. प्रोसेसर बरोबर बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच.

आकडा तोच असला तरी आठव्या पिढीला ३०० सिरीजचा चिपसेट लागतो, हे मला माहीत नव्हतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाची 'सीपीयू सपोर्ट लिस्ट' असते. ती मी उघडूनही पाहिली नव्हती. खोकं फोडलेलं होतं, त्यामुळे प्रोसेसर परत गेला नाही आणि नवा बोर्ड घ्यावा लागला. तीन महिन्यांच्या ट्यूशनचे पैसे एका न वाचलेल्या यादीत गेले.

पायरी १: गरज कागदावर लिहा

अकोल्याला पोचल्यावर मी मामेभावाला वही आणायला सांगितली. "तुला काय काय करायचं आहे ते लिही. आज आणि चार वर्षांत." त्याने लिहिलं ते असं:

- कोडिंग, अँड्रॉइड स्टुडिओ, पुढे थोडं मशीन लर्निंग
- व्हॅलोरंट आणि जीटीए ५
- कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करणं
- आत्ता ग्राफिक्स कार्ड नाही, तिसऱ्या वर्षी नक्की घ्यायचं
- ब्लूटूथ इअरबड्स चालले पाहिजेत
- नेट राउटरवरून, राउटर खालच्या खोलीत, कॉम्प्युटर वरच्या खोलीत

या सहा ओळींनी अर्धं काम झालं. वायफाय आणि ब्लूटूथ हवं, ग्राफिक्स कार्डासाठी चांगला स्लॉट हवा, रॅम वाढवायला जागा हवी, दुसऱ्या एसएसडीची सोय हवी. त्याला ओव्हरक्लॉकिंग करायचं नाही, दोन ग्राफिक्स कार्ड लावायची नाहीत, म्हणजे त्या सोयींचे पैसे द्यायचे नाहीत.

पायरी २: प्रोसेसर आणि सॉकेट

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागतं. तिथून अचलपूर आणि यवतमाळकडे नॅरोगेजची शकुंतला धावायची. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, आणि त्याच स्टेशनातून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचं १६७६ मिलिमीटर. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर चढत नाही. सॉकेटचंही तसंच आहे. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही, आणि एकाच कंपनीचे जुने-नवे सॉकेटही एकमेकांना चालत नाहीत.

सध्या दुकानात मुख्यतः हे चार दिसतात:

- एएम४ (एएमडी): रायझनच्या पहिल्या पिढीपासून ५००० सिरीजपर्यंत. डीडीआर४ रॅम. स्वस्त आहे, पण आता रस्ता संपत आला आहे.
- एएम५ (एएमडी): २०२२ मध्ये आला. रायझन ७००० पासून पुढे. फक्त डीडीआर५ रॅम. हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे.
- एलजीए १७०० (इंटेल): बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी. काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्ही एकत्र चालत नाहीत.
- एलजीए १८५१ (इंटेल): ऑक्टोबर २०२४ पासून, कोअर अल्ट्रा २०० सिरीजसाठी. डीडीआर५.

चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागवायचं असेल तर ज्या सॉकेटला पुढे आयुष्य आहे तो घ्या. २०१७ मध्ये एएम४ चा बोर्ड घेतलेल्या अनेकांना बायोस अपडेट करून ५००० सिरीजचे प्रोसेसर बसवता आले. पण बजेट अगदीच कमी असेल आणि प्रोसेसर बदलायचाच नसेल, तर जुना सॉकेट घेण्यात काही चूक नाही.

पायरी ३: चिपसेट, म्हणजे बोर्डाची पायरी

बोर्डाच्या नावात एच६१०, बी७६०, झेड७९०, बी६५० असं काहीतरी असतं. तो चिपसेट. यूएसबी, साटा, जादा स्लॉट या सगळ्यांचा कारभार तो बघतो. नावातल्या पहिल्या अक्षरावरून बराच अंदाज येतो:

- एच६१०, ए५२०, ए६२०: सगळ्यात खालची पायरी. ऑफिस, अभ्यास, सिनेमे यांसाठी पुरेशी. पोर्ट आणि स्लॉट कमी. एच६१० वर रॅम तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही.
- बी७६०, बी५५०, बी६५०, बी८५०: मधली पायरी. आपल्यापैकी बहुतेकांची गरज इथेच भागते. इंटेलच्या बी बोर्डावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, एएमडीच्या बी५५०, बी६५०, बी८५० वर होतो.
- झेड७९०, झेड८९०, एक्स६७०, एक्स८७०: वरची पायरी. भरपूर पोर्ट, भरपूर स्लॉट. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांसाठी, किंवा चार-पाच ड्राइव्ह आणि जादा कार्डं लावणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बोर्डावर सोय असली तरी प्रोसेसरने ती दिली पाहिजे. उदाहरणार्थ, बी५५० बोर्ड पीसीआयई ४.० देतो, पण त्यावर रायझन ५ ५६००जी बसवला तर ३.० च मिळतं, कारण तो प्रोसेसर तेवढंच देतो. बोर्डाला दिलेले जादा पैसे तिथे वाया जातात.

पायरी ४: रॅमचे स्लॉट

स्वस्त बोर्डावर दोन स्लॉट, बाकींवर बहुतेक चार. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या लावल्या की त्या ड्युअल चॅनलमध्ये चालतात, म्हणजे प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी डेटा मिळतो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं.

दोन स्लॉटच्या बोर्डावर ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही स्लॉट भरले. उद्या ३२ जीबी हवी असेल तर जुन्या दोन्ही काढून विकाव्या लागतील. तिथे १६ ची एकच पट्टी घेऊन एक स्लॉट मोकळा ठेवणं बरं. काही दिवस वेग थोडा कमी मिळेल, पण पैसे फुकट जाणार नाहीत. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की रॅमचा वेग बऱ्याचदा कमी ठेवावा लागतो, म्हणून तिथे दोन मोठ्या पट्ट्या हाच चांगला बेत.

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. मॅन्युअलमध्ये हे चित्रासह दिलेलं असतं. आणि बायोसमध्ये जाऊन इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्सपो चालू करायला विसरू नका. नाहीतर खोक्यावर ६००० लिहिलेली रॅम गुपचूप कमी वेगाने चालत राहते.

पायरी ५: एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डाची जागा

साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई एसएसडी ३५०० च्या आसपास, आणि ४.० ची ७००० च्या आसपास जाते. एनव्हीएमई एसएसडी एम.२ स्लॉटमध्ये बसते. बोर्डावर असे किमान दोन स्लॉट असावेत, एक विंडोजसाठी आणि एक नंतरसाठी.

इथे एक बारीक अट असते. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जुनी हार्ड डिस्क लावायची असेल तर ते आधी वाचा.

ग्राफिक्स कार्डासाठी लांब पीसीआयई एक्स१६ स्लॉट लागतो. बऱ्याच बोर्डांवर असे दोन लांब स्लॉट दिसतात, पण दुसऱ्याला वायरिंग बहुतेक वेळा एक्स४ किंवा त्याहून कमीच असतं. कार्ड नेहमी प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्ये लावा.

पायरी ६: व्हीआरएम, आणि आपला उन्हाळा

मामा तोपर्यंत शेजारी बसून ऐकत होते. बोर्डाची किंमत ऐकून ते म्हणाले, "बोर्डाले येवढे पैसे कायले लागते? तो त आतच राह्यते, कोणाले दिसते?"

मी म्हटलं, "मामा, तुमच्या वावरातली डीपी दोन वर्षांआधी कशानं उडाली होती?"

"कशानं म्हणजे! डीपी लहान, आन् पंप जास्त."

व्हीआरएम ही बोर्डावरची डीपी आहे. वावरातली डीपी ११ हजार व्होल्टची लाइन पंपाला चालेल इतकी खाली आणते. तसं एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. हा बदल प्रोसेसरच्या आजूबाजूचे छोटे भाग करतात, त्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. मोठा प्रोसेसर आणि कमजोर व्हीआरएम अशी जोडी जमवली की ते भाग तापतात, आणि बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. महाग प्रोसेसर घेऊनही गेम अडकायला लागतो.

एसीमध्ये बसून केलेल्या रिव्ह्यूमध्ये हे फारसं दिसत नाही. पण अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली भट्टीसारखी तापते. म्हणून आपल्याकडे बोर्ड घेताना व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक आहे का हे नक्की बघा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला मधल्या पायरीचा साधा बोर्ड पुरतो. आय७, आय९ किंवा रायझन ९ घ्यायचा असेल तर बोर्डावर कंजुसी करू नका. पंखे लावायचे चार पिनचे हेडर किती आहेत तेही मोजा. कॅबिनेटमध्ये हवा आत आणायला एक आणि बाहेर टाकायला एक, असे दोन पंखे तरी हवेतच.

आणि हो, कॉम्प्युटर कुलरच्या अगदी समोर ठेवू नका. वाळ्यातून येणारी ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिकट थर बसवतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही असं समजा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. विजा कडाडायला लागल्या की प्लगसोबत लॅनची वायरही काढा. वीज त्या वायरीतूनही पोर्टपर्यंत पोचू शकते.

"म्हणजे डीपी चांगली पाहिजे असं म्हन ना सरळ!" मामा म्हणाले. त्यानंतर बोर्डाच्या किमतीवर ते बोलले नाहीत.

पायरी ७: मागची बाजू

बोर्डाच्या मागच्या पोर्टचा फोटो झूम करून बघा.

- यूएसबी: कीबोर्ड आणि माउस धरून किमान सहा पोर्ट. यूएसबी २.० चा वेग ४८० एमबीपीएस, ३.२ जेन १ चा ५ जीबीपीएस, जेन २ चा १०. फोनमधून व्हिडिओ घ्यायचे असतील तर टाइप-सी पोर्ट कामाचा आहे, पण केबल आणि फोन दोन्ही तेवढ्या वेगाचे हवेत.
- समोरचा टाइप-सी: कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असला तरी बोर्डावर त्याचा हेडर नसेल तर तो फक्त शोभेचा राहतो.
- एचडीएमआय: बोर्डावरचा एचडीएमआय प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच चालतो. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, किंवा रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर असेल, तर ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार. सुरुवातीला कार्ड घेणार नसाल तर हे दहा वेळा तपासा.
- वायफाय आणि ब्लूटूथ: डेस्कटॉपमध्ये हे आपोआप येत नाही. वायफाय असलेल्या बोर्डात दोन्ही एकाच कार्डात येतात. नसेल तर नंतर यूएसबी डोंगल लावता येतो, त्यात एक पोर्ट जातो.
- लॅन: १ जीबीपीएस घरच्या नेटला पुरतं. २.५ असेल तर चांगलंच, पण त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

पायरी ८: आकार आणि बायोस

एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४ चा आणि मिनी आयटीएक्स १७० गुणिले १७० चा. मायक्रो एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलटं होत नाही. एकच ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर मायक्रो एटीएक्स पुरे, आणि तो बहुधा स्वस्तही असतो.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम. दुकानात बोर्ड बरेच महिने पडून राहतात. प्रोसेसर नवा आणि बोर्डातला बायोस जुना असला तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. फ्लॅशबॅक असेल तर पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतो, त्यासाठी प्रोसेसर बसवलेला असावा लागत नाही.

"नवा बोर्ड" म्हणजे नवा कॉम्प्युटर नाही

आम्ही बाजारात फिरत होतो तेव्हा एका दुकानात मस्त ऑफर मिळाली. आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, "बोर्ड एकदम नवा, सीलपॅक", सगळं मिळून १८ हजार. मामांचे डोळे चमकले. ३२ हजार वाचत होते.

मी एकच विचारलं, "प्रोसेसर कितवी जनरेशन?" तिसरी निघाली, म्हणजे २०१२ ची. बोर्ड खरंच नवा होता, दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण त्यावरचा चिपसेट होता एच६१, म्हणजे २०११ चा. जुने प्रोसेसर खपवण्यासाठी असे बोर्ड नव्याने बनतात. त्यावर डीडीआर३ रॅम, तीही १६ जीबीपर्यंतच. त्या चिपसेटचा साटा ३ जीबीपीएसचा, म्हणजे एसएसडीही अर्ध्या वेगाने चालणार. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, तो आता संपलाही आहे.

टायपिंग, बिलिंग, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर असा कॉम्प्युटर काही काळ चालेल. पण आमच्या वहीतल्या सहा ओळींपैकी चार तिथेच खोडाव्या लागल्या असत्या. चार वर्षांसाठी द्यायचे पैसे वर्षभरात संपले असते.

घरात आधीच कॉम्प्युटर असेल तर आत्ता तपासा: विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ही ओळ बघा. तेच तुमच्या बोर्डाचं मॉडेल.

शेवटी आम्ही काय घेतलं?

रायझन ५ ७६००, कारण तो ६५ वॅटचा आहे, एएम५ वर बसतो आणि त्यात छोटं ग्राफिक्सही आहे. व्हॅलोरंटपुरतं ते चालतं, जीटीएला ग्राफिक्स कमी ठेवावे लागतात. त्यासोबत बी६५० चा मायक्रो एटीएक्स बोर्ड: रॅमचे चार स्लॉट, दोन एम.२, वायफाय, व्हीआरएमवर हीटसिंक आणि फ्लॅशबॅकचं बटण. १६ जीबीची एकच पट्टी. रंगीत लाइट एकही नाही, कॅबिनेट साधं जाळीचं. बिल ५० हजारांच्या थोडं वर गेलं, वरचे मी दिले.

दिवाळीत दुसरी पट्टी घ्यायचं ठरलं होतं. पण २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले, त्यामुळे ती अजून घेतलेली नाही. मामेभाऊ म्हणतो, "राहू दे दादा, स्लॉट कुठं पळून जाते?" बरोबर आहे. भाव उतरतील तेव्हा पट्टी येईल, तिसऱ्या वर्षी कार्ड येईल. बोर्डावर जागा आहे, म्हणून थांबता येतं.

दुकानात जाताना हे आठ प्रश्न फोनमध्ये सेव्ह करून न्या

१. बोर्डाचं पूर्ण मॉडेल काय? चिपसेट आणि रिव्हिजनसकट.
२. कंपनीच्या साइटवरच्या सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये माझा प्रोसेसर आहे का, आणि कोणत्या बायोसपासून?
३. रॅम डीडीआर४ की डीडीआर५? स्लॉट किती?
४. एम.२ किती, आणि ते वापरल्यावर कोणते साटा पोर्ट बंद होतात?
५. व्हीआरएमवर हीटसिंक आहे का?
६. वायफाय, ब्लूटूथ आणि समोरच्या टाइप-सीचा हेडर आहे का?
७. माझ्या कॅबिनेटमध्ये बसतो का?
८. वॉरंटी किती वर्षं, आणि काम इथे होतं, नागपूरला पाठवावं लागतं की कुरिअरने?

आठव्या प्रश्नाचं उत्तर बिलावर लिहून घ्या. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांवर नाजूक पिना सॉकेटमध्येच असतात. त्या वाकल्या तर वॉरंटी मिळणं कठीण होतं. म्हणून खोकं दुकानातच उघडा, सॉकेट डोळ्यांनी बघा, आणि वरचं प्लास्टिकचं झाकण फेकून देऊ नका. वॉरंटीत बोर्ड पाठवताना तेच लागतं.

आणि दुकानात जायच्या आधी वही काढा. आज काय करायचं आणि चार वर्षांत काय करायचं, एवढं लिहिलं तरी दुकानातल्या पन्नास बोर्डांपैकी पंचेचाळीस आपोआप बाजूला पडतात. उरलेल्या पाचांतून निवडणं मग अवघड जात नाही.